नौकेच्या तळासाठी काचकापड आणि रेझिन जोडीनेच निवडावे

महोदय,

यांत्रिक नौकांना लागू होणारी पावसाळी मासेमारी बंदी दरवर्षी 1 जूनला सुरू होते आणि 31 जुलैला संपते. या 61 दिवसांविषयी आपल्या दैनिकात नेमाने बातम्या येतात; नौका बंदरात परतल्याच्या, जाळ्यांची डागडुजी सुरू झाल्याच्या, डिझेल परतावा थकल्याच्या. मात्र बंदीच्या आधीच्या मे महिन्यात आणि बंदीच्या काळातही किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या नौकांच्या तळाशी जे काम चालते, त्याविषयी छापून आलेले फारसे वाचायला मिळत नाही. तळाची दुरुस्ती कोणत्या काचकापडाने (काचेच्या तंतूंच्या कापडाने) आणि कोणत्या रेझिनने (त्या कापडात मुरून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने) करावी, हा प्रश्न वरवर पाहता कारागिरांपुरता वाटतो. परंतु नारळी पौर्णिमेनंतर खोल पाण्यात गेलेल्या तांडेल-खलाशांची सुरक्षितता त्याच निवडीवर अवलंबून असते. म्हणून हा पत्रप्रपंच.

किनाऱ्यावर सर्रास दिसते ते असे, की नौकामालक कापड एका दुकानातून घेतो, रेझिन दुसऱ्या दुकानातून घेतो, हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारे द्रव्य, जो मिळेल तो उचलतो आणि सगळा माल कारागिराच्या स्वाधीन करतो. त्या कापडाचे त्या रेझिनशी जमते का, आणि दोघांचे नौकेच्या मूळ अंगाशी जमते का, हे विचारायचे राहून जाते. कारागिराचा हात कितीही सफाईदार असला तरी मुळात न जमणारी जोडी त्याला सावरता येत नाही, आणि ठिगळ उसवले की दोष मात्र त्याच्याच माथी येतो. माझे सारे म्हणणे या जोडीपुरते आहे.

बाजारात सर्वांत स्वस्त आणि कुठेही मिळणारा प्रकार म्हणजे मॅट. काचेच्या तंतूंचे साधारण 5 सेंटिमीटर लांबीचे तुकडे आडवेतिडवे पसरून ती तयार केलेली असते आणि 300, 450 किंवा 600 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम, अशा वजनांत ती विकली जाते. हे तुकडे विणलेले नसतात. बाइंडर नावाच्या एका चिकट द्रव्याच्या आधाराने ते एकत्र राहतात. पॉलिएस्टर या स्वस्त रेझिनमध्ये स्टायरीन हा द्रव मोठ्या प्रमाणात असतो आणि त्या स्टायरीनमध्ये हा बाइंडर विरघळतो. म्हणूनच पॉलिएस्टर लावल्यावर मॅट काही मिनिटांत मऊ पडते, तंतू मोकळे होतात, रोलर फिरवला की आतली हवा निघून जाते आणि तळाच्या गोलाईवर ती अंगासरशी बसते. एपॉक्सी या दुसऱ्या, महाग रेझिनमध्ये स्टायरीन नसते. त्यामुळे बाइंडर तसाच राहतो, मॅट ताठ राहते, तिच्या पोटात रेझिन पुरते शिरत नाही आणि वळणाच्या जागी ती पुन्हापुन्हा उचलली जाते. कारागीर मग आणखी रेझिन ओततो. वरचा भाग चकचकीत दिसू लागतो, पण आतले तंतू कोरडेच राहिलेले असतात.

ओळखीच्या एका नौकेचे पंख्याजवळचे (प्रॉपेलरजवळचे) ठिगळ गेल्या हंगामात समुद्रातच सुटू लागले. नौका वर घेतल्यावर ठिगळाच्या कडेखाली पटाशी घातली, तेव्हा तळहाताएवढा तुकडा फारसे बळ न लावता हातात आला. त्याची बाहेरची बाजू काचेसारखी गुळगुळीत आणि टणक होती. आतली बाजू पांढरी होती. नखाने खरवडले की कोरडे तंतू सुटत होते आणि मधल्या भागात बोटाच्या पेरापेराएवढ्या हवेच्या पोकळ्या होत्या. त्या तुकड्याखाली नौकेच्या मूळ अंगावर जुन्या हिरव्या रंगाचा थर जवळपास जसाच्या तसा होता, म्हणजे तेथे ग्राइंडर नावालाच फिरला होता. मालकाने पदरमोड करून चांगल्यातले एपॉक्सी आणले होते, आणि त्याच्यासोबत वापरली होती ती नेहमीचीच 450 ची मॅट. महाग रेझिनचा त्या नौकेला काहीही उपयोग झाला नाही.

एपॉक्सी वापरायचे ठरले तर त्यासोबत विणलेले किंवा शिवलेले कापड घ्यावे. 200 जीएसएमच्या आसपासचे साधे विणीचे कापड लाकडी नौकेवर आवरण चढवण्यासाठी आणि कोणत्याही ठिगळाच्या अखेरच्या थरासाठी उत्तम. ते पारदर्शक होऊन बसते, त्यामुळे कुठे कोरडे राहिले आहे ते डोळ्यांना लगेच दिसते. 360 किंवा 610 जीएसएमचे रोव्हिंग हे कापड जाड विणीचे असते. पॉलिएस्टरच्या कामात रोव्हिंगच्या दोन थरांमध्ये मॅटचा एक थर घालण्याची पद्धत आहे, कारण जाड विणीच्या खळग्यांत नुसते रेझिन साचते आणि तेथे दोन थरांची पकड कमी पडते. एपॉक्सीची पकड मुळातच अधिक असल्यामुळे त्यात या मधल्या मॅटची गरज राहत नाही. तिसरा प्रकार बायअ‍ॅक्सियल कापडाचा. यात तंतू एकमेकांच्या वरखाली विणलेले नसतात. एका दिशेच्या तंतूंवर दुसऱ्या दिशेचे तंतू सरळ ठेवून बारीक दोऱ्याने शिवलेले असतात, बहुधा 45 अंशांच्या तिरप्या कोनात. तंतू वळणे घेत नसल्यामुळे ताण आला की तो ते लगेच पेलतात, आणि कापड सैल असल्यामुळे नाळेच्या (नौकेच्या पुढच्या टोकाच्या) किंवा तळाच्या वळणावर सहज बसते. तळाला पडलेल्या भोकाच्या दुरुस्तीसाठी मला हेच कापड सर्वांत योग्य वाटते. या कापडाच्या पाठीला कधीकधी मॅटही जोडलेली असते. ती दोऱ्याने शिवलेली असेल तर एपॉक्सीला चालते, बाइंडरने चिकटवलेली असेल तर चालत नाही. दुकानात हा प्रश्न आवर्जून विचारावा. किनाऱ्यावरील लहान दुकानांत हे कापड सहसा नसते, मुंबईहून मागवावे लागते, आणि म्हणून ते मे महिन्याच्या आधीच मागवलेले बरे.

काचेचे प्रत्येक कापड या कामाचे नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. काचतंतूंवर कारखान्यातच सिलेन वर्गातील एका द्रव्याचा लेप दिलेला असतो; रेझिन आणि काच यांना धरून ठेवणारा दुवा तोच. गरम पाइपांवर गुंडाळण्यासाठी किंवा गच्चीच्या जलरोधक कामासाठी मिळणारे काचकापड दिसायला तसेच असते आणि स्वस्तही पडते, पण त्यावर रेझिनला अनुकूल असा लेप असेलच असे नाही. तो नसेल तर पाण्याखाली काही महिने गेल्यावर तंतू आणि रेझिन यांच्या सांध्यात पाणी शिरते आणि ठिगळ आतून सुटू लागते. चांगले कापडदेखील पावसाळ्यात उघड्यावर पडले, दमट झाले, तर वाया जाते. गुंडाळी प्लॅस्टिकमध्ये बांधून कोरड्या खोलीत उभी ठेवावी.

थर किती घालायचे याचा हिशेब सोपा आहे, तरी तो अंदाजाने केला जातो. पॉलिएस्टरमध्ये भिजवलेल्या 450 च्या मॅटचा एक थर सुमारे 1 मिलिमीटर जाडी देतो, आणि त्याला कापडाच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागते. एपॉक्सीत भिजवलेले 600 चे बायअ‍ॅक्सियल सुमारे पाऊण मिलिमीटर जाडी देते आणि त्याला कापडाच्या वजनाइतकेच रेझिन पुरते. म्हणजे 6 मिलिमीटर जाडीच्या तळाला बायअ‍ॅक्सियलचे आठ थर लागतील. एपॉक्सी किलोमागे महाग असले तरी ते लागते कमी, हा मुद्दा भाव काढताना विसरला जातो. मूळ तळात कोणते थर आहेत हे कळत नसेल तर कापून काढलेला एक तुकडा उघड्या जागी, वाऱ्याच्या पाठीशी उभे राहून जाळून पाहावा. रेझिन जळून जाते आणि काचेचे थर एकावर एक तसेच उरतात. मॅट किती, रोव्हिंग किती, कोणत्या क्रमाने, हे बोटांनी मोजता येते.

आता रेझिनविषयी. प्रत्येक दुरुस्ती एपॉक्सीनेच केली पाहिजे असा माझा आग्रह नाही. आपल्याकडच्या फायबर नौका बहुतांशी पॉलिएस्टरच्या आहेत, आणि पाण्याच्या रेषेच्या वरचे, डेकवरचे, केबिनचे काम पॉलिएस्टर आणि मॅट यांनी नीट खरवडून केले तर ते वर्षानुवर्षे टिकते. त्यातही बाजारात ज्याला जीपी रेझिन म्हणतात ते ऑर्थो प्रकारचे पॉलिएस्टर असते आणि आयसो नावाचा दुसरा प्रकार त्याहून अधिक पाणी सोसतो. तळाला पॉलिएस्टरच लावायचे असेल तर निदान आयसो लावावे. नव्याने घडवताना पॉलिएस्टरचे थर ओले असतानाच एकमेकांशी रासायनिक रीतीने जुळतात. जुन्या, पूर्ण कडक झालेल्या अंगावर मात्र नवे पॉलिएस्टर केवळ ओरखड्यांना धरून बसते, आणि शिवाय घट्ट होताना ते आकसते. एपॉक्सी फार कमी आकसते आणि जुन्या पॉलिएस्टरला त्याची पकड कितीतरी चांगली बसते. म्हणून पाण्याखालील भोक, पंख्याच्या दांड्याभोवतालचा भाग, सुकाणूची जागा आणि खडकावर घासलेला तळ येथे एपॉक्सीवर खर्च करावा. व्हिनाइलएस्टर हे तिसरे रेझिन या दोहोंच्या मधले आहे. त्यात स्टायरीन असल्यामुळे मॅट चालते आणि पाण्यालाही ते चांगले टिकते, पण ते फार दिवस साठवता येत नाही, आणि कोकणच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेला डबा मुदतीआधीच घट्ट होऊ लागतो.

लाकडी नौकांचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. पूर्वी फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून तेल-राळ भरत असत. फळी पाण्यात फुगली की सांधा आपोआप घट्ट होई. आज अशाच नौकांवर वरून मॅट आणि पॉलिएस्टरचे आवरण चढवले जाते. लाकूड ओलाव्याने फुगते आणि उन्हात आकसते, पॉलिएस्टर तसे हलत नाही, आणि लाकडावर त्याची पकडही कमकुवत असते. परिणामी दोन-चार हंगामांत आवरण फळीपासून सुटते आणि मधल्या फटीत पाणी साचते. याहून वाईट प्रकार बाहेरून दिसत नाही. आवरण शाबूत असले तरी पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी आतून तळात साठते, लाकडात मुरते आणि बाहेरच्या आवरणामुळे त्याला निघायला वाट राहत नाही. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने लाकूड लवकर कुजते, कारण कुजवणाऱ्या बुरशीला ते मानवते. बाहेरून नौका नवीकोरी दिसते आणि आत पठाणाला, म्हणजे नौकेच्या कण्यालाच, सुरी खुपसली तर ती मुठीपर्यंत जाते.

लाकडावर आवरण चढवायचेच असेल तर ते एपॉक्सी आणि विणलेल्या कापडाचे असावे, लाकूड खरोखर कोरडे असावे, आणि कुजका भाग आधी काढून टाकलेला असावा. लाकडातील ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास असावा असे एपॉक्सीच्या कामात मानतात. जून-जुलैच्या कोकणात उघड्यावर ठेवलेले लाकूड त्या आकड्याच्या जवळही येत नाही, म्हणून हे काम एप्रिल-मे महिन्यांतच उरकले पाहिजे. सागवान तेलकट असते. एपॉक्सी लावण्याच्या अगदी आधी ते लाकूड तेलकटपणा घालवणाऱ्या अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावे. ज्या नौकेला वर्षानुवर्षे माशाचे तेल पाजले आहे, तिच्या लाकडावर कोणतेच रेझिन धड धरत नाही. अशा नौकेवर आवरणाचा खर्च करूच नये, फळी बदलणे परवडते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडापासून होड्या बनवून दाखवल्या. त्यांत लाकडाला आधी कीड आणि कूज यांपासून वाचवणारी प्रक्रिया दिली आणि मगच फायबरचे आवरण चढवले. हा क्रम आपल्याकडे पाळला जात नाही.

सर्वांत जास्त नुकसान मात्र प्रमाणाच्या गोंधळामुळे होते. पॉलिएस्टरला आपण ज्याला हार्डनर म्हणतो ते खरे तर कॅटॅलिस्ट, म्हणजे घट्ट होण्याची क्रिया सुरू करून देणारे द्रव्य, असते. ते 1 ते 2 टक्के घालतात आणि हवामान पाहून त्यात थोडे कमीजास्त करता येते. वर्षानुवर्षे पॉलिएस्टरवर काम केलेला कारागीर हीच सवय एपॉक्सीला लावतो, आणि तेथे घात होतो. एपॉक्सीचा हार्डनर हा त्या पदार्थाचा अर्धा जोडीदार आहे. रेझिनचा प्रत्येक कण त्याच्याशी जुळावा लागतो. काही एपॉक्सींत 100 भागांस 10 ते 12 भाग हार्डनर लागतो, काहींत 2 ला 1, काहींत 5 ला 1. लवकर सुकावे म्हणून जास्त घातला तर ते लवकर सुकत नाही, उलट मऊ आणि चिकट राहते, आणि तो चिकटपणा नंतर किती दिवस थांबले तरी जात नाही. सगळे खरवडून पुन्हा करावे लागते. दिलेले प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हेही पाहावे लागते, कारण हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो आणि 2 ला 1 माप म्हणजे 2 ला 1 वजन होत नाही. किराणा दुकानात असतो तसला ग्रॅम दाखवणारा काटा प्रत्येक कारागिराजवळ असला पाहिजे. त्याची किंमत एका वाया गेलेल्या डब्याहून कमी आहे.

हार्डनरमध्येही जलद आणि मंद असे प्रकार असतात. तापमान 10 अंशांनी वाढले की कालवलेले एपॉक्सी हाताळण्याचा अवधी जवळपास निम्म्यावर येतो, हा ठोकताळा लक्षात घेतला तर मे महिन्याच्या 34-35 अंशांत जलद हार्डनर घेणे चुकीचे ठरते. खोल डब्यात एकदम पुष्कळ कालवले तर ते स्वतःच्या उष्णतेने तापते, धूर येतो आणि डबा वितळतो. म्हणून थोडे कालवावे आणि लगेच पसरट थाळ्यात ओतावे. लाकडावर काम करताना ऊन चढत असताना रेझिन लावू नये, कारण तापणाऱ्या लाकडातून हवा बाहेर पडते आणि थरात बुडबुडे उठतात. ऊन उतरू लागल्यावर, सावलीत, दव पडण्याआधी लावावे. दमट हवेत सुकलेल्या एपॉक्सीवर एक तेलकट, बोटाला बुळबुळीत लागणारा पापुद्रा येतो. तो अ‍ॅसिटोनने नीट जात नाही, साध्या गोड्या पाण्याने आणि भांडी घासण्याच्या हिरव्या घासणीने जातो. तो धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर दिला तर दोन थरांमध्ये कायमची फट राहते. पावसाळ्यात ताडपत्रीखाली काम करणाऱ्यांनी ही एक गोष्ट पाळली तरी निम्मी ठिगळे वाचतील असे मला वाटते.

तळाची तयारी हा कष्टाचा भाग आहे, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. भोकाच्या कडा उभ्या ठेवून वरून ठिगळ मारणे म्हणजे केवळ झाकण लावणे होय. कडेपासून बाहेर तळ तिरपा घासत न्यावा लागतो, आणि त्या उताराची लांबी तळाच्या जाडीच्या बारा पट असावी असे मानतात. 6 मिलिमीटर जाडीच्या तळाला प्रत्येक बाजूने 72 मिलिमीटर उतार लागतो, म्हणजे 10 सेंटिमीटरच्या भोकासाठी जवळजवळ 25 सेंटिमीटरचे वर्तुळ घासावे लागते. मालकाला ते पाहून धक्का बसतो, पण भार पेलते ते या उतारावरच. घासण्याआधी तळ साबणाने आणि अ‍ॅसिटोनने पुसून मेण, तेल, ग्रीस काढावे. आधी घासले तर तेच मेण ओरखड्यांत दाबले जाते. ग्राइंडरनंतर 80 नंबरच्या घासकागदाने घासावे. मग पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस उन्हात ठेवावा; आतून पाण्याचे थेंब दिसले तर तळ अजून ओला आहे. जुन्या फायबर तळावर फोड आलेले असतात आणि ते फोडले की आंबूस वासाचे पाणी निघते. तसे असेल तर आत मुरलेले ते पाणी गोड्या पाण्याने धुऊन, तळ पुष्कळ दिवस वाळवूनच पुढचे काम हाती घ्यावे. पाण्याखाली मोटारगाड्यांची पुट्टी कधीही भरू नये, ती पाणी शोषते. एपॉक्सीतच सिलिकाची भुकटी मिसळून लुगदी करावी. शेवटी रंग द्यायलाच हवा, कारण उन्हात एपॉक्सी खडूसारखे भुकटते. मात्र एपॉक्सीवर नेहमीचा पॉलिएस्टर जेलकोट, म्हणजे रेझिनचा रंगीत बाहेरचा थर, नीट सुकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

या कामावर असलेल्या माणसांबद्दल दोन शब्द लिहिणे मी कर्तव्य समजतो. बनियनवर, उघड्या हातांनी, तोंडाला रुमाल बांधून काचेची धूळ उडवणारी मुले प्रत्येक बंदरात दिसतात. एपॉक्सीच्या हार्डनरची त्वचेला एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जात नाही, आणि त्या कारागिराला हा धंदाच सोडावा लागतो. हाताला लागलेले रेझिन अ‍ॅसिटोनने धुऊ नये, कारण त्याने ते त्वचेत अधिक मुरते, साबण-पाण्याने धुवावे. पॉलिएस्टरचा कॅटॅलिस्ट डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. तेथे चष्मा हवा आणि हाताशी धुण्यासाठी स्वच्छ पाणी हवे. कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर घट्ट व्हावे म्हणून घालतात ते द्रव्य) आणि कॅटॅलिस्ट हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्यांचा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पुरते ढवळावे आणि मगच कॅटॅलिस्ट घालावा. हातमोजे, चष्मा आणि धूळ अडवणारा चांगला मुखवटा यांचा खर्च मालकाने दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच धरावा.

आता तक्रार. मे महिन्यात मी किनाऱ्यावरील एका दुकानात एपॉक्सी मागितले, तेव्हा मोठ्या पिंपातून ओतून दिलेले दोन बिनलेबलाचे डबे मिळाले. उत्पादकाचे नाव नव्हते, तारीख नव्हती, प्रमाण विचारले तर "अर्धे-अर्धे टाका, होते बरोबर" असे उत्तर आले. उत्पादकाचे माहितीपत्रक मागितल्यावर तसले काही ठेवत नसल्याचे सांगण्यात आले. मी तो माल घेतला नाही, पण माझ्यामागे उभ्या असलेल्यांनी घेतला, कारण भरतीला नौका वर घ्यायची होती आणि दुसरे दुकान जवळपास नव्हते. पॉलिएस्टर रेझिनसाठी आयएस 6746 आणि काचेच्या मॅटसाठी आयएस 11551 ही भारतीय मानके आहेत. ग्राहकाने निदान त्यांची विचारणा करावी. आधीच भरून ठेवलेल्या डब्यांवर नाव, वजन आणि महिना-वर्ष छापणे 2011 च्या वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि किनाऱ्यावरील दुकानांची तशी तपासणी व्हावी.

मच्छीमार सहकारी संस्था आपल्या सभासदांना डिझेल आणि बर्फ पुरवतात. त्याच संस्थांनी मार्च महिन्यात सभासदांकडून मागणी नोंदवून घेऊन एपॉक्सी, त्याच उत्पादकाचा मंद हार्डनर आणि बायअ‍ॅक्सियल कापड उत्पादकाच्या मूळ, सीलबंद डब्यांत एकत्र मागवले, तर भावही कमी पडेल आणि जोडीही चुकणार नाही. मत्स्यव्यवसाय विभागाने प्रत्येक मोठ्या बंदरात एप्रिलमध्ये एक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, त्यामुळे जाणकारांची वानवा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने फायबरच्या मासेमारी नौका बांधण्यावर सचित्र पुस्तिका काढलेल्या आहेत. तशी दुरुस्तीची एक पुस्तिका मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रमाणांच्या तक्त्यासह छापून मासेमारी परवान्याच्या नूतनीकरणाबरोबर प्रत्येक मालकाला देता येईल. बंदीच्या तोंडावर दिलेली पुस्तिका कामाची नाही, कारण तोवर बहुतेकांचा माल विकत घेऊन झालेला असतो. ती फेब्रुवारीअखेर हाती पडावी, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत विभागाकडे पोहोचवावी.

आपला नम्र,
एक नौकामालक
ता. दापोली, जि. रत्नागिरी